हनुमंताची मूठ

गावरान पिल्लू हातात घेतलं की कोंबडा की तलंग, हे धुरपता घटकेत सांगायची. माहेरी, हिमायतनगरकडे, बायका पदरात पिल्लं घालून तिच्याकडे यायच्या आणि तिचा शब्द कधी खोटा पडायचा नाही. एवढ्या नावाजलेल्या बाईला शेवटी पाणी पाजलं ते दोन ब्रॉयलरनी.

नवरा हनुमंत लोह्याजवळ पोल्ट्रीच्या शेडवर कामाला होता. पिल्लं आल्यापासून चाळिसाव्या दिवशी सगळे पक्षी विक्रीसाठी गाडीत भरले, तेव्हा ताडपत्रीच्या पडद्याआड दोन राहून गेले. मालक म्हणाला, घेऊन जा, रस्सा करा. धुरपतानं मसाला वाटायला घेतलाही होता. पण सवयीनं तिनं पक्षी उचलून बघितले.

"दोन्ही तलंगा हायत," ती म्हणाली.

"काय बी सांगतीस. हा थोराड कोंबडा हाय. तुरा बघ की," हनुमंत म्हणाला.

"तुमच्या शेडातल्या समद्यांचे तुरे तसलेच."

"अठरा वर्सं झाली मला तिथं!"

"अठरा वर्सांत चाळीस दिवसांपुढचा एक तरी बघितला का?"

मग ठरलं, खरंखोटं होईपर्यंत कापायचं नाही. त्या भांडणानं दोन्ही पक्ष्यांचा जीव वाचला आणि पुढं असा लळा लागला की रश्श्याचं नावच निघालं नाही.

खायला घालणं मात्र हनुमंतानं स्वतःकडे ठेवलं. एकेकाला सकाळी एक मूठ खाद्य, संध्याकाळी एक. "ही जात खायची थांबत न्हाई," तो म्हणायचा. "पोटभर दिलं तर पाय जातील, न्हाईतर काळीज बंद पडंल." धुरपताला हे पटायचं नाही. दारातून कुणाला उपाशी जाऊ न देणारी बाई ती. पक्षी ओरडत मागं लागले की ती नवऱ्याला तोंडावर कंजूस म्हणायची. तो नुसता हसायचा. किती गोड होती ती भांडणं, हे तिला आता कळतं.

दिवाळीनंतर तापाचं निमित्त झालं आणि हनुमंत गेला. रिकाम्या अंगणात हाक मारायला ते दोन पक्षी तेवढे राहिले. धुरपता परात भरभरून ठेवू लागली. आपल्या हातानं कुणाचं तरी पोट भरतंय, एवढ्यानंच तिला बरं वाटायचं. पंधरा दिवसांत लहानखुरा पक्षी पाण्याच्या भांड्याशी आडवा झाला, तो उठलाच नाही.

मग तिचे डोळे उघडले. तिनं आपल्या मुठीनं घालून बघितलं, तर थोराड पक्षी वाळायला लागला. दोन मुठी घातल्या, तर धापा टाकत बसला. हनुमंताची मूठ म्हणजे नेमकी किती, हे बत्तीस वर्षं संसार करून तिला सांगता येईना. याचंच तिला फार रडू आलं. हाही गेला, तर नवऱ्यानं जपलेला शेवटचा जीव तिच्याच मायेनं मारल्यासारखा होणार होता.

संक्रांतीला लेक अंबिका आली. ती लातूरला एसटीत कंडक्टर.

"माय, मग कोंबडा की तलंग?"

"मानेवर टोकदार पिसं आलीत. तुझे अण्णा जितले," धुरपता म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिला हरल्याचं सुख झालं होतं.

दुपारी कासारीण बांगड्या भरायला बसली. अंबिकाच्या हातात एकही बांगडी जाईना. "पावणेतीनची बी चढत न्हाई. पोरीचा हात बापावर गेलाय," कासारीण वैतागून म्हणाली.

धुरपता ताडकन उठली. लेकीला हाताला धरून ती खाद्याच्या पोत्यापाशी घेऊन गेली.

"मूठ भर."

"कशाला?"

"भर म्हणते ना!"

अंबिकानं भरली. धुरपतानं ती वाटीत ओतून घेतली आणि खिळ्यानं आतून रेघ मारली. कोंबड्यानं फस्त केलं आणि आणखी पाहिजे म्हणून ओरड मांडली. तिनं पोत्याचं तोंड बांधून टाकलं.

संध्याकाळी अंबिका वाटी घ्यायला लागली, तर माय म्हणाली, "वाटी नको. मुठीनंच भर."

"आता माप झालं की गं."

"हाव, झालं. तरी भर."

भरलेली मूठ धुरपतानं आपल्या दोन्ही हातांत धरली. पायाशी कोंबडा ओरडत होता, तरी तिनं ती बराच वेळ सोडली नाही.