जुन्या पत्त्याचं पान

ताट वाढून झालंय, भाजी गार होतेय आणि घरातला एक माणूस मोबाइलमध्ये डोकं खुपसून अनोळखी माणसाशी भांडतोय. हे आता कुठल्या घरात दिसत नाही? या घरात तो माणूस होता धाकटा भाऊ. वेबसाइट बनवणं हा त्याचा धंदा, आणि परिसरातल्या लोकांच्या ग्रुपवर त्याची अक्कल काढली गेली होती.

ताईचं फिजिओथेरपीचं क्लिनिक नव्या जागेत गेलं होतं. वेबसाइट भावाचीच, नवा पत्ताही त्यानंच टाकलेला. तरी सर्चमध्ये जुना पत्ता दिसतो, अशी तक्रार आली. भावानं समजावलं, की सर्च इंजिन पानाची एक प्रत स्वतःकडे साठवून ठेवतं, तिला कॅशे म्हणतात. ती बदलायला वेळ लागतो, त्यात बनवणाऱ्याचा दोष नाही. त्यावर एकानं लिहिलं, "काम येत नसलं की लोक कॅशेच्या नावानं खडे फोडतात." झालं. तेव्हापासून दोघंही हट्टाला पेटले होते. बघ्यांची करमणूक होत होती आणि भावाची झोप उडाली होती.

ताई कामावरून आली आणि पर्ससकट खुर्चीत बसली.

"ते अर्धांगवायूवाले काका आजही आले नाहीत," ती म्हणाली. "जागा बदलली तेव्हा गावाला होते. मूठ उघडायला लागली होती रे त्यांची. फोनही लागत नाही."

"हं. ताई, हे वाच. आता त्याला बोलायला जागाच ठेवली नाही मी."

ताईला त्या ग्रुपवर फिरकायला कधी सवड नसे. तिनं मोबाइल घेतला आणि वर वर जात भांडणाच्या अगदी सुरुवातीला पोचली. मग तिनं मोठ्यानं वाचलं, "'क्लिनिक हललं असं ऐकलं, म्हणून सर्चमध्ये पाहिलं. तोच पत्ता दिसला. सासऱ्यांना धरून धरून जिने चढवले, तर दाराला कुलूप. तिथला फोनही बंद. त्यांचा हात पुन्हा आखडतोय. नवी जागा कुणाला माहीत आहे का?'"

ती थांबली. "हिला उत्तर कुणी दिलं?"

"मी दिलं ना. कॅशे म्हणजे काय ते..."

"पत्ता दिलास?"

भावानं मोबाइल घेऊन सगळं खालपर्यंत चाळलं. एवढ्या गर्दीत पत्ता कुणीच दिला नव्हता.

"तुझं म्हणणं बरोबर असेल, मला त्यातलं कळत नाही," ताई थकल्या आवाजात म्हणाली. "पण पेशंट दुखतंय म्हणाला आणि मी त्याला हाडांची नावं म्हणून दाखवली, तर तू मला काय म्हणशील?"

निदान आपलं खरं आहे एवढं तरी दाखवावं, म्हणून त्यानं लॅपटॉप उघडला. नवं पान जागेवर होतं. आणि जुनंही! ते काढायचंच राहून गेलं होतं. सर्च इंजिन बिचारं समोर होतं तेच दाखवत होतं, कॅशेचा त्यात काही संबंध नव्हता. इतके दिवस भांडताना त्यानं एकदाही तपासून पाहिलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

त्यानं जुनं पान काढलं आणि ग्रुपवर नवा पत्ता लिहिला. खाली लिहिलं, "तळमजला आहे, जिना नाही. चूक माझी होती." लगेच समोरच्याचं उत्तर आलं, "सांगत होतो ना!" भावाची बोटं शिवशिवली. पण त्यानं मोबाइल पालथा ठेवला आणि ताईचं ताट वाढायला उठला.

काका सुनेबरोबर आले, तेव्हा माफी मागायला तो मुद्दाम क्लिनिकमध्ये थांबला होता.

"तुम्हीच का ते कॅशेवाले?" सुनेनं विचारलं. त्यानं हात जोडून माफी मागितली.

ताईनं काकांची बोटं एकेक करून उघडली. सोडली तशी ती पुन्हा मिटली.

"पहिल्यापासून सुरू करावं लागेल, काका."

"करू की," काका म्हणाले. "जिना तरी नाही आता."

वाचकहो, वाद घालायला कुणाचीच ना नाही. पण घालण्याआधी एकदा वर जाऊन मूळ प्रश्न वाचा आणि त्याचं उत्तर द्या. आपण आपलं खरं करत बसतो, तेवढ्या दिवसांत कुणाचा तरी हात आखडत असतो.