गुरम्माबाईंच्या फळीवरचा लॅपटॉप

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. लातूरच्या एका क्लासमध्ये मी सराव परीक्षांचे पेपर तयार करायचो. दसऱ्याला माझ्या झाकणावर हळदकुंकू वाहिलं जायचं. मग नवे संगणक आले आणि मी माळ्यावर गेलो. तिथेच माझी बॅटरी मेली. आता वायर निघाली की मी लगेच

मी एक जुना लॅपटॉप आहे. माफ करा, असं पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

क्लासच्या मुलांना डबे देणाऱ्या गुरम्माबाईंच्या लेकीने, अंजूने मला मागून घरी आणलं. तिला ॲप करायचं होतं. आज कोण जेवणार हे सकाळीच कळलं, तर भाकऱ्या वाया जाणार नाहीत. वसतिगृहाचे सर संध्याकाळी बघायला येणार होते. ॲप चाललं, तर साऱ्या वसतिगृहाचे डबे गुरम्माबाईंकडे. नाही, तर दुसऱ्या खानावळीकडे.

ॲप आधी माझ्यावर उभं करायचं होतं. नेटवरून त्याचे शेकडो तुकडे उतरवायचे, जुळवायचे, मग वायरीने फोन जोडायचा. मला धाप लागली. माझा पंखा घरघरू लागला.

मी होतो त्या फळीवरच शेजारी गुरम्माबाईंची रचना होती. तांब्यावर फुलपात्र, त्यावर पालथी वाटी. किल्लारीच्या भूकंपानंतर त्या जिथे राहिल्या तिथे ती असतेच. जमीन हलली की वाटी पडते. वाटी पडली की बाहेर पळायचं.

अंजूचा फोनही त्याच फळीवर. मैत्रिणीचा 'झालं का?' असा मेसेज आला. फोन थरथरला. वाटी पडली.

"अंजे, भाईर!" गुरम्माबाईंनी मला वायरीतून उपटलं, छातीशी धरलं आणि

मी एक जुना... अंगणातलं पुढचं मी अंजूच्या तोंडून नंतर ऐकलं.

"अव्वा, भूकंप न्हाई, फोन होता! आता सगळं पुन्हा उतरवायचं. हे कशाला उचललंस?"

"किल्लारीला तवा काईच उचललं न्हाई मी. रिकाम्या हातानं पळाले," गुरम्माबाई म्हणाल्या. "आज हातात आलं ते आणलं."

अंजू आत आली. तिने वाटी पुन्हा फुलपात्रावर रचली. फोन मात्र घडी केलेल्या वाकळेवर ठेवला. आणि मला म्हणाली, "चल बाबा, पुन्हा."

सर दारात चपला काढत होते, तेव्हा फोनवर अक्षरं उमटली : आज जेवणार?

गुरम्माबाईंनी पिठाचा हात पदराला पुसून 'हो' दाबलं.

"बाई, तुम्ही कुठं वसतिगृहात जेवता?" सर हसले.

"पहिलं मी खाऊन बघते सर, मग तुमची पोरं."

डबे मिळाले.

मित्रांनो, मी फार थकलो आहे. नवी बॅटरी मिळाली तर बरं होईल. नाही मिळाली, तर निदान वायर काढण्याआधी माझं काम चालू आहे का ते बघा. आणि कुणाच्या घरी तांब्यावर वाटी रचलेली दिसली, तर ती उतरवू नका. आपला फोन दुसरीकडे ठेवा.