ती बाई मी न्हाय

मुलांनो, डोळे मिटायची गरज नाही. उघडे ठेवूनच माझ्याबरोबर जरा कल्पना करा. तुम्ही अकरा वर्षांचे आहात. घरासाठी कर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात आईशेजारी बसला आहात. तुमची खुर्ची गोल फिरणारी आहे, पण आईनं ती एका हातानं घट्ट धरून ठेवली आहे. समोरचा माणूस कॉम्प्युटरचा पडदा तुमच्याकडे वळवतो आणि सांगतो, की तुमच्या आईनं गेल्या वर्षी गोण्या उचलायचं कंत्राट घेऊन नऊ लाख रुपये मिळवले. आणि तुमची आई तर दवाखान्यात आया आहे.

तुम्ही काय केलं असतं? भाविका हसली. तिला वाटलं, गंमत चालली आहे. पण दुसरं कुणीच हसलं नाही, तेव्हा तिनं तोंड मिटलं आणि आईकडे पाहिलं.

आईचं नाव चंपा भोईर. बेव्हर्ली पार्कजवळच्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात ती चौदा वर्षं काम करत होती. जन्मलेल्या बाळाला पहिल्यांदा पुसून कपड्यात गुंडाळायचं, हे तिचं काम. नवरा महिपत पाण्याचा टँकर चालवायचा. मुर्धा गावातल्या महिपतच्या घरात तीन भावांचे तीन संसार मावेनात, म्हणून हे तिघं भाईंदर पूर्वेला भाड्यानं राहत होते. दर अकरा महिन्यांनी सामान बांधायचं आणि नवी खोली शोधायची. आता केबिन रोडच्या मागे पहिल्या मजल्यावर एक खोली विकत मिळत होती. खिडकी होती, खिडकीला कट्टा होता. भाविकानं त्या कट्ट्यावर बसून पाहिलं होतं आणि इथंच अभ्यास करणार, असं मालकीणबाईंना सांगूनही टाकलं होतं. मालकीणबाई महिनाभर थांबायला तयार होत्या. त्या महिन्यात कर्ज मंजूर व्हायला हवं होतं.

आता हे नऊ लाख आले कुठून, ते समजून घेऊ. हजेरीपटावर तुमचा एक नंबर असतो ना? तसा कमावणाऱ्या माणसाचा आयकर खात्यात एक नंबर असतो, त्याला पॅन म्हणतात. तुम्हाला पगार देणारा तुमच्या नंबरापुढे लिहितो, की याला इतके दिले. समजा वर्गात कुणी काच फोडली आणि बाईंना तुमचा नंबर सांगितला, तर काच तुमच्या नावावर लागते. चंपाचं तसंच झालं होतं. दूर कुठल्याशा गावातल्या एका माल वाहतूक कंपनीनं तिच्या नंबरापुढे नऊ लाख लिहिले होते, कर कापून भरलासुद्धा होता. चंपानं ते गाव पाहिलं नव्हतं, नावही ऐकलं नव्हतं. तिच्या कराच्या कागदात फक्त दवाखान्याचा पगार होता. दोन्ही जुळेनात, म्हणून अर्ज अडकला.

कर्जाचं काम बघणारा नीरज हुशार आणि गोड बोलणारा मुलगा होता. त्यानं खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

"मावशी, टेन्शन घेऊ नका. हे तर तुमच्या फायद्याचंच आहे. म्हणा, हे पैसे माझेच. कागद सुधारून भरू, थोडा टॅक्स जाईल. इन्कम मोठं दिसलं की लोन आठ दिवसांत पास, आणि जास्तीचं पास."

"पन मी गोन्या उचलल्या न्हाय," चंपा म्हणाली.

"कोण विचारतंय?"

"मी विचारते ना." चंपानं पडद्यावरच्या नावावर बोट ठेवलं. "नाव माजं हाय. पन ती बाई मी न्हाय."

घरी आल्यावर महिपतनं सगळं ऐकलं. तोही नीरजच्याच बाजूचा होता. ज्यानं पैसे लिहिले त्याचं तो बघेल, आपल्याला घर मिळतंय ना, असं त्याचं म्हणणं. चंपा वाद घालत बसली नाही. उद्या ती बाई उधारी बुडवेल, परवा तुरुंगात जाईल, तेव्हाही मीच का ती, एवढंच तिनं विचारलं. महिपत ताटावरून उठताना म्हणाला, की तुला वाटतं ते कर, पण खोली गेली तर मला बोलू नकोस.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चंपा भाविकाला घेऊन मुर्ध्याला गेली. तिथं बसथांब्यासमोर दत्तारामचं झेरॉक्सचं दुकान होतं. दत्ताराम महिपतचा चुलतभाऊ. रेशनकार्डापासून कराच्या कागदापर्यंत अर्ध्या गावाची कामं तोच करायचा. गावात एक रीत पडून गेली होती. कामावरून पुन्हापुन्हा सुट्टी कोण घेणार, म्हणून माणसं आपल्या कार्डांच्या प्रती काढून, खाली सही करून, चार-पाच एकदमच त्याच्याकडे ठेवायची. लागेल तशी तो वापरायचा. कशासाठी, ते त्या प्रतीवर कुणी लिहीत नसे. चंपाचे वडील मिठागरावर कामाला होते, तेव्हा हंगामाच्या सुरुवातीलाच मुकादमाच्या वहीत कोऱ्या पानावर अंगठा उठवून यायचे. मुकादम गावचा, मग भ्यायचं कशाला? दत्तारामही गावचाच होता.

"दत्तू, मी तुला पाच कागद सही करून दिलेले," चंपा म्हणाली. "मोजून दाखव."

दत्तारामनं खण उघडला. तीन प्रती निघाल्या. चौथी कराच्या कामाला गेली होती. पाचवी तो बराच वेळ शोधत राहिला, रिकाम्या झालेल्या खणातसुद्धा. मग गिऱ्हाईक गेल्यावर त्यानं सांगितलं. एक माणूस यायचा. कंपनीला कामगार दाखवायला कागद लागतात म्हणायचा. एका कागदाचे दोनशे रुपये द्यायचा. कुणाचं काही नुकसान होत नाही, असं त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

"किती जणांचे दिलेस?"

"अकरा."

त्या अकरांत रखमाबाई होती. सत्तरी उलटलेली, एकटी. तिचं निराधारांचं पेन्शन सहा महिन्यांमागे बंद झालं होतं आणि का, ते तिला कुणी सांगत नव्हतं. आता कळलं. सरकारच्या लेखी रखमाबाईसुद्धा गोण्या उचलून श्रीमंत झाली होती.

दत्ताराम हात जोडून उभा राहिला. "वयनी, पोलिसात माजं नाव नको घेऊस. भावकीतला मानूस मी. तुजा टॅक्स मी भरतो, पायजे तर."

चंपा म्हणाली, "तू भरशील. पन रखमाबायचं पेन्शन कोन भरल?"

तिनं त्याच्याच दुकानात, त्याच्याच कागदावर, त्याला अकरा नावं लिहायला लावली. मग ती स्वतःचं सोडून बाकीच्या दहाही घरांत गेली. काहींनी आभार मानले. दोघांनी दारातच सुनावलं, की घरातली भांडणं चावडीवर नेऊ नयेत. तिच्या मोठ्या जावेनं तर चहासुद्धा विचारला नाही. परतताना भाविकानं विचारलं, आपण काही चुकीचं करतोय का? चंपा म्हणाली, की चूक मी आधीच करून बसले, कशासाठी ते न लिहिता सह्या करून दिल्या ती. आता ती निस्तरते आहे.

पुढचे दिवस हेलपाट्यांचे होते. पोलीस म्हणाले, हे कराचं प्रकरण आहे. कराच्या ऑफिसात म्हणाले, आधी पोलिसांचा कागद आणा. तिसऱ्या खेपेला चंपानं चौकीतल्या बाकावर डबा उघडला. साहेबांनी विचारलं, घरी जायचं नाही का? "रातपाळीची सवय हाय, साहेब. बाळ येईस्तोवर बसते मी," असं ती म्हणाली आणि शेजारच्या हवालदाराला ठसका लागला. संध्याकाळपर्यंत तक्रार लिहून झाली. त्यात दत्तारामचं नावही होतं.

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी वर्षभराच्या हजेरीचा दाखला दिला. भाविकानं आईच्या फोनवर आयकर खात्याचं पान उघडलं आणि नऊ लाखांच्या नोंदीपुढे, ही माहिती माझी नाही, असं कळवलं. खाली कारण लिहायला चौकोन होता. आई सांगत गेली, भाविका लिहीत गेली. दोघींनी ते चारदा वाचलं.

महिना संपला. मालकीणबाईंनी आणखी पंधरा दिवस थांबून पाहिलं, मग खिडकीची खोली दुसऱ्यांना दिली. नीरजनं फोन करून सांगितलं, माझं ऐकलं असतं तर आज चावी हातात असती. चंपानं त्याचं म्हणणं खोडलं नाही. तिनं फक्त विचारलं, की खरा पगार दाखवला तर किती मिळेल? रात्री महिपतनं तक्रारीचे सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात वर ठेवले.

पाच महिन्यांनी, न झालेल्या कामाचा खर्च दाखवून कर चुकवल्याबद्दल त्या कंपनीची चौकशी लागली आणि चंपाच्या नंबरापुढची नोंद पुसली गेली. उरला तो तिचा दवाखान्याचा पगार, जेवढा होता तेवढाच. रखमाबाईचं पेन्शन अजून सुरू झालं नव्हतं. चंपा दर सोमवारी तिला घेऊन तहसील कार्यालयात जायची.

कर्ज मंजूर झालं, पण कमी. तेवढ्या पैशांत त्याच गल्लीच्या टोकाला तळमजल्याची खोली बसत होती. समोर नाला आणि उजेड नावापुरता. मुर्ध्याहून वास्तूला कोण येईल, याचीही खात्री नव्हती.

सह्यांच्या दिवशी कंपनीच्या मोठ्या साहेबांनी कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला. जिथं जिथं पेन्सिलीची फुली होती, तिथं तिथं सही करायची होती. पन्नासेक पानं होती, इंग्रजीत. नीरज पानं उलटून देणार होता. साहेब म्हणाले, पटापट करा, पुढची पार्टी बसली आहे.

चंपानं पेन उघडलं. पहिली सही झाली, दुसरी झाली. तिसऱ्या पानावर भाविका आईच्या हाताखालून पुढे वाकली. ती सेमी-इंग्रजीत शिकत होती. सगळे शब्द तिला येत नव्हते, पण पानावर कुठं काही लिहिलेलंच नाही, हे कळायला इंग्रजी लागत नाही. मधल्या तीन ओळी मोकळ्या होत्या. खाली फुली होती.

"सर, इथं काय लिहिणार आहात?"

नीरज म्हणाला, "अगं, ते नंतर भरतात ऑफिसमध्ये. सगळ्यांचंच तसं असतं."

चंपानं पेन मिटलं आणि गठ्ठ्याशेजारी ठेवलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. काचेपलीकडची माणसं मान उंचावून बघू लागली.

भाविकानं त्या मोकळ्या जागेवर आपला तळहात पालथा ठेवला. आणि साहेब खिशातून स्वतःचं पेन काढून लिहायला वाकले, तेव्हाच तिनं तो उचलला.