मलिद्याची परात आणि दहावा माणूस

मित्रांनो, मी एक जुनी पितळेची परात आहे. सध्या कामरगावात सोजरबाईच्या घरी असते. सकाळी माझ्यात ज्वारीचं पीठ मळतात, दुपारी मिरच्या वाळतात, आणि मधल्या वेळात मांजर झोपतं. मांजराला मी आवडते. बाकी कुणाला आवडावं अशी माझी लायकी राहिली नाही. का, ते सांगते.

माझा जन्म समुद्राकडचा. अलिबागजवळच्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून गोल केलं. मार खाल्ला की चकाकी येते हे मी तिथंच शिकले, आणि चकाकी आली की गर्व येतो हेही तिथंच. रिबकाबाईंच्या लग्नात त्यांच्या आईनं मला बरोबर दिलं. रिबकाबाई बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातलेच ज्यू. बोलणं मराठी, प्रार्थना हिब्रू. त्यांच्यात काही चांगलं झालं किंवा कुणाची आठवण काढायची असली की मलिदा करतात. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, वर बदाम-बेदाणे आणि कडेनं फळं. एलियाहू नबीचं नाव घ्यायचं आणि सगळ्यांना वाटायचं. तो मलिदा ज्यात मांडतात, ती मी.

रिबकाबाईंचे मालक शिमशोन झिराडकर गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. बदली होऊन कामरगावला आले आणि इथलेच झाले. सगळ्या पंचक्रोशीत ज्यू म्हणजे ते दोघं, आणि धरलंच तर तिसरी मी. ज्यू म्हणजे काय ते गावात कुणाला माहीत नव्हतं, पण गाय अडली की कुणाला उठवायचं ते सगळ्यांना माहीत होतं. शेजारचे जगदेव आणि सोजरबाई दर वर्षी मलिद्याला यायचे. जगदेव डोक्यावर रुमाल बांधून शिमशोनरावांच्या शेजारी बसायचा आणि 'आमेन' त्यांच्याही आधी म्हणून टाकायचा. म्हणजे पोहे लवकर सुटतात.

मग शिमशोनराव गेले.

गेलेल्या माणसासाठी त्यांच्यात कद्दीश नावाची प्रार्थना म्हणतात. तिला दोन मिनिटं लागतात आणि दहा ज्यू पुरुष लागतात. मित्रांनो, कामरगावात मिनिटं भरपूर होती. ज्यू पुरुष एकच होता, आणि तोच गेला होता. रिबकाबाईंनी मनाशी धरलं, वर्षाच्या दिवशी तरी याच घरात, याच ओट्यावर कद्दीश झाली पाहिजे.

मुलगी परदेशात. ती फोनवर म्हणाली, "आई, मुंबईची एक संस्था छोटं अनुदान देते. ज्यू कुटुंबं एकटी पडलीत तिथं मेळावा भरवायला. जायचा-यायचा आणि जेवणाचा खर्च त्यांचा." फॉर्म आला. रिबकाबाईंनी मला पालथं घालून माझ्या पाठीवर तो भरला, म्हणून मला सगळा पाठ आहे. 'स्थानिक ज्यू तरुणांची संख्या?' त्यांनी लिहिलं, 'मी. वय अठ्ठ्याहत्तर.' 'जवळचं सिनेगॉग किती अंतरावर?' 'एक रात्र.' 'मेळाव्याचा उद्देश?' 'नवऱ्यासाठी दोन मिनिटं.'

अनुदान मंजूर झालं. खाली बारीक अक्षरात अट होती: यजमान, बॅनर आणि किमान दहा उपस्थित एकाच फोटोत, सर्व चेहरे स्पष्ट.

बॅनर मंगरूळपीरहून छापून आणला. छापणाऱ्याकडे नमुना एकच शिल्लक, वाढदिवसाचा. त्यामुळे शिमशोनरावांच्या फोटोच्या एका बाजूला केक, दुसऱ्या बाजूला फटाके आणि खाली 'शुभेच्छुक: समस्त मित्रमंडळ'. रिबकाबाईंनी तो ओट्यावर पसरून पाहिला. मग म्हणाल्या, "असू दे. फोटो चांगला घेतलाय."

आदल्या दिवशी सोजरबाईनं मला चिंच आणि राख लावून घासायला घेतलं.

"पुरे गं सोजर, भोक पडेल तिला."

"थांबा ना भाभी! सायबाचा वर्षाचा कार्यक्रम हाय. हिच्यात पावण्यायचं तोंड दिसलं पायजे."

मी अशी चमकले की कोंबड्या बिचकल्या. वाटलं, उद्या सगळे मलाच बघणार. तेच झालं.

पाहुणे ठाण्याहून निघाले होते, बरोबर दहा. मूर्तिजापूर स्टेशनावर गाडी चार तास उशिरा आली. त्यांना आणायला उदयसिंग जीप घेऊन गेला होता. त्याच्या जीपमध्ये बाहेरगावची माणसं बसली की दोनच ठिकाणी जातात, शिरपूरला देवळात नाहीतर मंगरूळपीरला दर्ग्यावर. दहा जणांच्या डोक्यावर गोल टोप्या. त्यानं काही विचारलंच नाही. पाहुणे दमून झोपले, ते उठले थेट दर्ग्यासमोर. तिथल्या लोकांनी त्यांना चहा पाजला, वाट समजावली. परतताना जीप पंक्चर झाली आणि स्टेपनी उदयसिंगच्या घरी, तिला म्हशीचं वगारू बांधलेलं.

ओट्याशी जीप लागली तेव्हा ऊन कलतीला आलं होतं.

"टोपी पायली अन् गाडी वळवली," उदयसिंग मान खाली घालून म्हणाला. "मले काय मालूम, टोप्यायतही परकार असते!"

रिबकाबाई कशावरच रागावल्या नाहीत. दहा माणसं ओट्यावर उभी होती. रिबकाबाईंचे ओठ हलत होते, बहुतेक नवऱ्याला सांगत होत्या. त्या म्हणाल्या, "आधी प्रार्थना करून घेऊ का?"

त्या दहांतलाच एक, संस्थेचा डॅनियल, चांगला मुलगा, पण फॉर्म त्याच्या खिशात होता. "काकू, उजेड चाललाय. प्रार्थना काय, अंधारातही होते. फोटो होत नाही."

बरोबरच होतं ते. म्हणून मोबाइल उदयसिंगच्या हाती गेला आणि रिबकाबाई मला दोन्ही हातांनी धरून मधोमध उभ्या राहिल्या.

पहिल्या फोटोला वारा आला आणि बॅनरमधला केक तिघांच्या तोंडावर बसला. दुसऱ्याला डॅनियल म्हणाला, "काकू, परात जरा पुढे वाकवा, मलिदा दिसू दे." परात वाकली, निम्मा मलिदा जमिनीवर, आणि कोंबड्या मेळाव्यात सामील झाल्या. तिसऱ्याला माझा रिकामा भाग उघडा पडला. मावळतीचं ऊन थेट माझ्यावर आलं आणि फोटोत माझ्या जागी नुसता पांढरा गोळा. चौथा तसाच. पाचव्याला सोजरबाईनं पदर आडवा धरला, तर पदरच आला. सहावा, सातवा. प्रत्येक वेळी मीच. मला मळायचं होतं, काळं पडायचं होतं, पण चिंचेनं घासलेली परात पाच मिनिटांत काळी पडत नाही.

आठव्या फोटोत सगळे चेहरे स्पष्ट आले. "झालं!" डॅनियल ओरडला.

त्याच वेळी फाट्यावर बसचा हॉर्न वाजला. पाहुण्यांतले हनोखकाका बँकेत नोकरीला, त्यांना सकाळी हजर व्हायचं होतं आणि ही शेवटची बस. कुणाला त्रास नको म्हणून त्यांनी लांबूनच हात हलवला. फार सज्जन माणूस. बस गेली.

मग सगळे प्रार्थनेला उभे राहिले. या लोकांत माणसं आकड्यानं मोजत नाहीत. दहा शब्दांचं एक वचन आहे, एकेका माणसावर एकेक शब्द ठेवत जातात. डॅनियलनं सुरुवात केली. नऊ शब्द ठेवले. दहावा त्याच्या तोंडातच राहिला.

बस गाठायला उदयसिंगनं जीपची किल्ली तीन वेळा फिरवली, जीप चालू झाली नाही. जगदेवनं खिशातून रुमाल काढून डोक्यावर बांधला.

"मले धरा दहावा. पंधरा वर्सं त्यायच्या बाजूले बसलो मी."

"काका, नाही चालत तसं," डॅनियल हळूच म्हणाला.

"शिमशोनभाऊले चालत होतो. तुमाले काहून नाई चालत?"

"भाऊजी," रिबकाबाई म्हणाल्या, "नियम आहे तो. त्यांनीही पाळला असता." आणि माझ्यातला उरलेला मलिदा वाटायला लागल्या. चमचा माझ्या तळाला लागत होता, म्हणून मी थोडी वाजले.

संस्थेचं पत्र आलं: मेळावा यशस्वी, उपस्थिती दहा. मित्रांनो, त्यात एकही शब्द खोटा नव्हता. रिबकाबाईंनी पुढच्या वर्षासाठी पुन्हा फॉर्म भरला. उत्तर आलं, आपल्या गावी मेळावा यशस्वी झालेला असल्यानं यंदा इतर गावांना प्राधान्य. तो कागद वाचला त्याच दिवशी त्यांनी मला सोजरबाईच्या हाती दिलं. "ने हिला. फोटोत बघते तेवढी पुरे."

अजूनही संध्याकाळी कधीतरी जगदेव रुमाल बांधून त्या ओट्यावर जाऊन बसतो. रिबकाबाई दाराशी बसतात. उठताना तो 'आमेन' म्हणतो. आता पोह्यांची घाई नसते.

मित्रांनो, कुणी तुमच्याकडे दोन मिनिटं मागितली तर ती आधी देऊन टाका, उजेड गेला तर जाऊ द्या. आणि माझी एवढी काळजी घ्या, मला चिंच लावू नका. काळी राहू द्या. मांजराची काही तक्रार नाही.