तेवीस हजार तीनशे अठ्ठेचाळीस

आमच्या अण्णांनी चौतीस वर्षं भेलच्या सरकारी कारखान्यात रेल्वे इंजिनांच्या मोटारी तपासल्या, आणि निवृत्तीनंतर त्या मोटारी कुठे कुठे फिरतायत ते तपासलं. बाग सेवनियातल्या आमच्या कॉलनीमागून इटारसीची लाइन जाते. तिथे रोज सकाळी घडीची खुर्ची टाकून ते इंजिनांचे फोटो काढत आणि नंबर वहीत लिहीत. नियम एकच: डोळ्यांनी वाचलेला नंबरच लिहायचा. मी एका सरकारी खात्यात नोकरीला आहे. न पाहिलेल्या गोष्टींवर सही करणं हे माझं काम. त्यामुळे हा छंद माझ्यापर्यंत पोचलाच नाही. मला ओलांडून तो थेट माझ्या मुलीकडे, ऋतुजाकडे गेला.

दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडला. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. म्हणजे इंजिन आलेलं कळायचं, कुठलं ते कळायचं नाही. तेव्हा ऋतुजाच्या डोळ्यांना मान्यता मिळाली. ती वाचायची, ते लिहायचे. ओळी एकमेकींवर चढायच्या. जूनमध्ये ती शिकायला पुण्याला गेली आणि डोळ्यांचा प्रभार माझ्याकडे आला.

अण्णांना आता एकच इंजिन हवं होतं. तेवीस हजार तीनशे अठ्ठेचाळीस. त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर पास केलेली पहिली मोटार त्यात बसली होती. मालगाडीची ती जुनी इंजिनं एकेक करून भंगारात निघतायत. "आहे की गेलं, एवढंच कळू दे," म्हणायचे. इतक्या वर्षांत आतल्या मोटारी बदलल्या असणार, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी तो विषय काढला नाही.

नोव्हेंबरात एका सकाळी तसलं जुनं इंजिन आलं. आवाजावरूनच अण्णा खुर्चीतून उठले.

"कुठलं रे?"

नंबर होता तेवीस हजार सहाशे एकाहत्तर. मी अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "तीनशे अठ्ठेचाळीस."

"नक्की?"

"नक्की. फोटोही काढलाय."

त्या दिवशी त्यांनी पोह्यांबरोबर जिलबी मागून घेतली. मग म्हणाले, "फोटो ऋतूला पाठव. आत्ता, माझ्यासमोर." पाठवला. पाच मिनिटांत तिचा फोन आला. अण्णांनी स्पीकर लावायला सांगितलं.

"बाबा, झूम करके देखा भी? हे तर सहाशे एकाहत्तर आहे! आजोबा, ये वो नहीं है."

"बरं झालं सांगितलंस गं," अण्णा म्हणाले. मग वहीत सकाळी लिहिलेल्या त्या ओळीवर चाचपडत पट्टी ठेवून त्यांनी रेघ मारली. "उन्हाने चमकलं असेल, गिरीश."

मी म्हटलं, "हो, चमकलं."

त्या दिवशी ढग होते.

अकरा दिवसांनी ते इंजिन आलं. खरोखरचं. मी नंबर दोनदा वाचला आणि ओरडलो, "अण्णा, तीनशे अठ्ठेचाळीस! तेच आहे! शपथ!" अण्णांनी मान वळवली. डोळ्याच्या कडेने काही दिसतंय का बघत राहिले. इंजिन गेलं. मागून डबे जात राहिले, जातच राहिले. मालगाडीला घाई नसते.

"फोटो?"

ओरडण्याच्या नादात मी फोन हलवला होता. फोटोत एक राखाडी पट्टा आला होता आणि निम्मा खांब. तरी ऋतुजाला पाठवला.

"बाबा, नंबर नाही दिसत," ती फोनवर हळूच म्हणाली. "लिहिता नाही येणार ना." तिला शिकवलं होतं अण्णांनीच.

"अण्णा, या वेळी मी खोटं नाही बोलत."

"नाहीच रे," ते म्हणाले. माझ्या खांद्याचा अंदाज घेऊन त्यांनी हात ठेवला. "मागच्या वेळीही मला राग नव्हता आला. माझ्यासाठीच करतोस तू. चल, गारठा आहे."

मी वही पुढे केली. त्यांनी ती मिटून माझ्या हातात परत दिली.

संध्याकाळी ते फोनवर ऋतुजाला सांगत होते, "गेलंच असणार गं ते भंगारात. आता नाही जाणार मी लाइनवर. गिरीश बिचारा फार धीर देतो मला."

मी शेजारीच बसलो होतो. त्यांच्या उद्याच्या गोळ्या वेगळ्या काढत होतो.