शेवटचा फर्मा

कितीतरी महिन्यांनी खळीचं भांडं घासायला उचललं आणि त्याखाली तो सापडला. सोळा पानांचा फर्मा, चिमणीच्या पुस्तकाचा शेवटचा.

चाळीस वर्षं पुस्तकं बांधतेय मी. वाचायचं म्हटलं तर अक्षरं लावून लावून वाचते, पण माझ्या हातचा दोरा कुणी उसवून दाखवावा. चिमणी माझी नात. तिच्या गोष्टीच्या पुस्तकाची पानं ती वाचायच्या आधीच सुटली म्हणून शिवायला घेतलं, नेमकं त्याच दिवशी सूनबाईशी वाजलं. मी म्हटलं, माझ्या घरात माझ्या मर्जीनं राहायचं. ती म्हणाली, मग नाहीच राहत. त्या रागात हा फर्मा शिवायचा राहिला, पुस्तक तसंच बांधून चिमणीला दिलं, आणि आठवड्यात मुलगा, सून, चिमणी तिघंही परगावी गेली. सात महिने झाले. आधी फोन कुणी करायचा, यावर दोन्हीकडे तोंडाला कुलूप.

खिडकीशी बसून पानं वाचली. आधीची गोष्ट चिमणीनंच जाण्याआधी वाचून सांगितली होती. पांढरा बैल पोरांना पाठीवर घेऊन गोठलेली नदी ओलांडतो, शेवटच्या पोराला काठावर ढकलतो, बर्फ फुटतो आणि तो बुडतो. तिचं पुस्तक तिथंच संपतं. माझ्या हातातल्या पानांत तो सकाळी परत येतो, शिंगांवरून पाणी निथळत.

चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी मी. आणि पोरीच्या पुस्तकातून त्या बैलाचं, म्हणजे प्रभूचंच, मेलेल्यातून उठणं खळीच्या भांड्याखाली दाबून ठेवलं.

फोन लावला. सूनबाईनं उचलला. "देते तिला," एवढंच.

मी चूक सांगितली. चिमणी हसली.

"अगं आजी, तो बैल परत येतो. मला माहितेय."

"कुणी सांगितलं? पानं तर माझ्याकडं आहेत."

"सांगायला कशाला हवं? एवढ्या सगळ्यांना पलीकडे नेलं त्यानं. तो खाली कसा राहील?" मग हळूच म्हणाली, "मी रोज सकाळी खिडकीतून बघते. तो आला का, आणि तू आलीस का."

चार खोल्या, माणूस एक. मागच्या खोलीत शिवणाच्या चौकटीवर कुणा गिऱ्हाइकाचं अर्धं पुस्तक तसंच ताणून ठेवलेलं.

"आईला दे," मी म्हटलं.

"कशाला?"

"तिची माफी मागायचीय. लवकर दे, नाहीतर माझं डोकं पुन्हा फिरेल."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. सूनबाईनं तो ठेवला नाही. फर्मा छातीशी धरून मी उभी राहिले आणि पहिला शब्द शोधायला लागले.