पेडल मऊ लागतंय

महादेवप्पांची पांढरी गाडी त्या महिन्यात पुन्हा गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा दस्तगीरनं हातातला पाना खाली ठेवला.

"पेडल अजून मऊच लागतंय," अप्पा काच खाली करून म्हणाले. "कापसावर पाय ठेवल्यासारखं."

निलंग्यात अप्पांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. गाडी जुनी, बोनेटवरचा रंग उडालेला; पण अप्पा ती दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत. बसस्टँडमागचं दस्तगीरचं गॅरेज सोडून ती दुसरीकडं कधी गेली नव्हती. लेक पुनम नांदेडला दिलेली. तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं होतं आणि तिला आपल्या गाडीतून, आपणच चालवत आणायचं, असं अप्पांनी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

पहिल्यांदा आले तेव्हा गाडीत दोष खरंच होता. ब्रेकचं पेडल हळूच दाबून धरलं की ते आपोआप खाली बसत जायचं. तेल कुठं गळत नव्हतं. चाकं कोरडी, नळ्या कोरड्या. म्हणजे मास्टर सिलेंडरमधली रबरं झिजली होती आणि तेल आतल्या आतच मागं सरकत होतं. दस्तगीरनं लातूरहून नवा सिलेंडर मागवून बसवला. पेडल टणक झालं. अप्पा खूश होऊन गेले आणि आठवडा व्हायच्या आत परत आले.

तेव्हा दस्तगीरला वाटलं, नळीत हवा राहिली असेल. हवा काढायला दोघं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी बसून तेल सोडायचं. अप्पाच आत बसले.

"दाबून धरा, अप्पा. सोडू नका."

"धरलंय की."

"सुटलं बघा. हवा परत आत गेली."

"अरे, पाय हाललाच न्हाई माझा."

असं दोन-तीनदा झाल्यावर दस्तगीरनं शेजारच्या रसवंतीवाल्या भागवतला बोलावलं आणि काम उरकलं. अप्पांचं वय झालं, दम लागत असेल, एवढंच त्याच्या मनात आलं होतं. रबरी नळ्याही बदलल्या, मागच्या ड्रममधली ब्रेकची लायनिंग जवळ घेतली.

आणि आता हे परत.

दस्तगीर स्वतः आत बसला. इंजिन बंद ठेवून दाबलं; दगड. इंजिन चालू करून दाबलं. पेडल थोडं खाली आलं आणि जिथं थांबायला पाहिजे तिथंच थांबलं. त्यानं पाय तसाच ठेवला. पेडल हललं नाही. गाडीखाली आडवा होऊन त्यानं एकेक जोड बोटानं चाचपला.

"मला तर काहीच सापडंना, अप्पा."

"मग मी खोटं बोलतोय का?" अप्पांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. "परवा चौकात गाडी थांबलीच न्हाई. पुढच्या रिक्षाला लागता लागता राहिली. घरी न्हाई सांगितलं मी." मग जरा थांबून म्हणाले, "लातूरलाबी दाखवलं एका गॅरेजात. वाईट वाटून घेऊ नको. तेबी म्हणाले, ब्रेक चांगला हाय."

दस्तगीरला वाईट वाटलंच. पण त्याहून जास्त धास्ती वाटली. जो दोष फक्त एकाच माणसाला दिसतो, तो धरायचा कसा, हे त्याला कळेना. ह्या गाडीनं पुनमला आणायचं होतं.

"चला," तो म्हणाला. "तुम्ही चालवा. मी शेजारी बसतो."

किल्लारीच्या रस्त्यानं निघाले. अप्पा सावकाश चालवत होते. गाव मागं पडलं तशी पुढं उसाचा ट्रॅक्टर दिसला, मागं दोन ट्रॉल्या, उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंनी लोंबलेल्या. ट्रॅक्टरचा वेग कमी झाला. अप्पांची गाडी तशीच पुढं जात राहिली.

"ब्रेक दाबा, अप्पा."

"दाबलाय. बघ, गेला ना खाली? बघ की."

ट्रॉली अगदी पुढ्यात आली. दस्तगीरनं दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी तिरपी होऊन रस्त्याच्या खाली मातीत उतरली आणि आचके देत बंद पडली. ट्रॅक्टरवाल्याला काही कळलंही नाही. तो गेला.

दस्तगीरनं खाली वाकून बघितलं. पेडल वर होतं, आपल्या जागी. अप्पांचा पाय त्याच्या कडेवरून घसरून खालच्या मॅटवर टेकला होता. अप्पा अजूनही, सगळा जोर लावून, ती मॅट दाबत होते.

"अप्पा, पाय कुठं हाय तुमचा?"

"ब्रेकवर."

दस्तगीर उतरून पलीकडं गेला, दार उघडलं आणि गुडघ्यावर बसला. "चप्पल काढा," म्हणाला. अप्पांना ती निघेना. त्यानं टाच धरून ओढली, तेव्हा कळलं की चपलेचा एक खिळा वर येऊन तळव्यात रुतलेला आहे. भोवतीची कातडी काळी पडली होती. वास येत होता.

"हे कवा लागलं?"

"काय लागलं?" अप्पांनी विचारलं, आणि वाकून आपल्याच पायाकडं दुसऱ्याचा असल्यासारखं बघितलं.

दस्तगीरनं त्यांना पलीकडच्या सीटवर बसवलं आणि गाडी सरळ लातूरला घेतली. वाटेभर ब्रेक उत्तम लागत होता. अप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. औशाजवळ एकदाच म्हणाले, "शुगरच्या गोळ्या मी मधी मधी घ्यायचो. बरं वाटायचं ना, म्हणून."

डॉक्टरांनी तळव्याला सुई टोचून विचारलं, कळतं का. अप्पा छताकडं बघत म्हणाले, "टोचा की." सुई टोचून झाली होती. शुगरमुळं पायाच्या नसा गेल्या आहेत आणि त्या परत येत नाहीत, एवढं डॉक्टरांनी दस्तगीरला बाहेर बोलावून सांगितलं. जखम आत बोटांपर्यंत पसरली होती. दोन बोटं काढावी लागली. अप्पांच्या घरच्या, चांगुणावहिनी, दवाखान्याच्या पायरीवर बसून होत्या. दस्तगीर चहा घेऊन गेला तेव्हा त्यांनी विचारलं, "दस्तगीरभाऊ, आता एवढ्यावर भागंल ना?" कप त्यांच्या शेजारी ठेवून तो उभा राहिला. चहा तिथंच गार झाला.

पुनमला आणायचा दिवस काही बदलता आला नाही. आठवा लागला की प्रवास नको, असं सासरच्यांचं म्हणणं होतं. दस्तगीरच गाडी घेऊन नांदेडला गेला. तिला वाटेत काही सांगू नका, जीव घाबरा करून घेईल, असं वहिनींनी बजावलं होतं.

पुनम मागच्या सीटवर उशी घेऊन बसली. लोहा मागं पडल्यावर तिनं विचारलं, "चाचा, अप्पा कामून न्हाई आले?"

"दुकानात गर्दी हाय, बाई. रब्बीच्या पेरणीचे दिवस."

"फोनवर तर रोज म्हणायचे, ब्रेक नीट झाला की मीच येतो. झाला का नीट?"

"झाला."

ती हसली, डोळे मिटून बसली. दस्तगीर प्रत्येक गतिरोधकाला गाडी इतकी हळू करत होता की मागच्या गाड्या हॉर्न वाजवून पुढं जात होत्या. तिला आत्ताच सांगावं, असं त्याला अहमदपूरला वाटलं. लातूरलाही वाटलं. नंतर वाटायचंही थांबलं.

निलंग्यात दारासमोर गाडी लागली. वहिनी भाकरतुकडा घेऊन उंबऱ्यात आल्या. लेकीवरून ओवाळता ओवाळता त्या मधेच थांबल्या आणि पुनमनं त्यांचा हात धरला. मग तिनं आत बघितलं. पलंगावर अप्पा उशीला टेकून बसले होते. पायाचं बँडेज पांढरं, टोकाला आखूड. त्यांनी चादर ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पण चादर पायाखाली अडकली होती.

पुनमनं वळून दस्तगीरकडं बघितलं. "चाचा, एवढ्या वाटेत एका शब्दानं न्हाई बोललात तुम्ही."

ती पोट सावरत आत गेली, पलंगाच्या कडेवर बसली आणि अप्पांचा पाय उचलून तिनं मांडीवर घेतला. अप्पा तिच्या तोंडाकडं बघत होते. तिनं पायाला हात लावलाय, हे त्यांना दिसत होतं, तेवढंच.

दस्तगीर अंगणात उभा होता. गाडीची किल्ली हातात होती आणि ती कुणाकडं द्यायची, हे त्याला समजत नव्हतं.